पांढरी चार आणि आडवी भिंत

अ‍ॅनिमेला कोणी कार्टून म्हटलं की माझं डोकं फिरतं. वय तिशीच्या पुढे गेलंय, अंधेरीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, तरी फिरतं. आणि अ‍ॅनिमे बघणाऱ्यांपैकीच कोणी विचारलं की अमक्या मालिकेतला राजपुत्र आणि तमक्या मालिकेतला राक्षस समोरासमोर आले तर कोण जिंकेल, तर आणखी जोरात फिरतं. शनिवारी आम्ही चारपाच जण घाटकोपरला मेट्रो स्टेशनखालच्या सँडविचवाल्याकडे जमतो. तिथे हा प्रश्न निघाला नाही असा शनिवार मला आठवत नाही. बहुतेक वेळा तो माझी मैत्रीण काढते. बँकेत नोकरी करते, स्वभावाने गरीब आहे, पण पडद्यावर डोंगर फुटल्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

तिची लाडकी मालिका आहे ती अशी: नायकाच्या पोटात जन्मापासून ज्वालामुखी. सुरुवातीला तो एक झाड जाळतो, मग गाव, तिसऱ्या सीझनला अख्खी डोंगररांग. चित्रं झकास आहेत, संगीत झकास आहे, मारामारी सुरू झाली की मीसुद्धा पलंगावर उभी राहते, खोटं कशाला बोलू. पण डोंगर जाळून झाल्यावर हा पोरगा घरी येतो तो जसा गेला होता तसाच. तसाच हसतो, तसाच चिडतो, आणि त्याला हरवायला निघालेल्या पुढच्या शत्रूला आणखी मोठा डोंगर द्यावा लागतो. मग मला जांभई येते.

माझी लाडकी मालिका वेगळी. आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव कोणी घेत नाही, सगळे तिला ‘भिंतवाली’ म्हणतात. तिच्यातल्या मुलीला एकच जादू येते. जमिनीवर तळहात टेकला की समोर एक भिंत उभी राहते, दारापेक्षा थोडी उंच. बस. आग नाही, वीज नाही, पंख नाहीत. पहिला सीझनभर ती त्या भिंतीमागे लपते. राक्षस आला की भिंत, गुरुजी रागावले की भिंत, आईने हाक मारली तरी भिंत. मैत्रीण म्हणायची, “यार, हिची पॉवर लेव्हल काय, तर सोसायटीच्या कंपाउंडएवढी.” मी म्हणायचे, कोण जिंकेल ते विचारू नका, कोण बदलेल ते विचारा. ताकद वाढलेली दाखवणं सोपं आहे, स्फोट मोठा काढला की झालं. माणूस वाढलेला दाखवायचा तर त्याच्याकडे होतं तेवढंच ठेवून त्याच्याकडून वेगळं काहीतरी करवून घ्यावं लागतं. हे मी हिरव्या चटणीचे हात उडवत बोलायचे आणि कोणी ऐकायचं नाही.

माझं हे म्हणणं खरं आहे याचा पुरावा मला चारकोपला मिळाला, तोही माझ्या बाबांकडून. त्यासाठी आधी बाबा सांगायला हवेत.

आम्ही विक्रोळीचे. बाबा इथल्याच एका कंपनीतून रिटायर झाले, पण कंपनीतला कामगार ही त्यांची ओळख फक्त पगारपत्रकावर होती. बाकी सगळीकडे ते बुवा. कोकणातल्या आमच्या भागातली माणसं मुंबईत आली तेव्हा भजन बरोबर घेऊन आली, आणि भजनाबरोबर डबलबारी. दोन बुवा, दोन मंडळं, एकाच मंडपात समोरासमोर. एकाने बारी गायची, मग दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. अभंग, गवळण, मध्येच एकमेकांना चिमटे, कोपरखळ्या, पुराणातले अवघड प्रश्न, आणि शेवटी गजर, ज्यात पखवाज, झांजा आणि गळे सगळं एकदम सुटतं. ज्या मुलीचं लहानपण हे बघण्यात गेलं ती मोठेपणी अ‍ॅनिमेच्या नादी लागली यात आश्चर्य काय?

बुवाची इज्जत त्याच्या पट्टीत असते. पट्टी म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला ‘सा’ मानून तो गातो ते. जितकी वरची, तितका दरारा. बाबांची पट्टी पांढरी चार. गजराला ते वर चढले की मंडपातली कापडं हलतात, असं लोक म्हणायचे. पखवाज वाजवणारे काका बाबांचे कंपनीतले सोबती, त्यांच्या शेजारच्या गावचे. ते कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच घरी बसून पखवाज पांढरी चारला लावून ठेवायचे. कधी विचारलं नाही, विचारायची पद्धतही नाही. बुवाला ‘आज पट्टी कुठली?’ असं विचारणं म्हणजे त्याच्या गळ्यावर शंका घेणं.

मग बाबांच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. ऑपरेशन झालं, गाठी साध्या निघाल्या, आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी आधी पूर्ण मौन सांगितलं, आणि निघताना शांतपणे म्हणाले, बोलणं पहिल्यासारखं होईल, गाणं होईल की नाही सांगत नाही, पण वरचं गाणं विसरा. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पेटीला जुनी चादर गुंडाळली, स्टूल ओढलं आणि पेटी माळ्यावर चढवली, गणपतीच्या मखराच्या आणि मोठ्या पातेल्याच्या मध्ये. आई खाली उभी राहून बघत होती. बाबा पुन्हा कधी बारीला बसणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात होता आणि तो कोणी तोंडाने काढत नव्हतं.

न बोलणारा बुवा दिवसभर घरात म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी असेल त्यालाच कळेल. ते पंखा पुसायचे, पुसलेला पंखा पुन्हा पुसायचे. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन ज्वालामुखीवाल्या पोराची मालिका लावली, तर ते चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. हिंदीत डब केलेली होती. दोन भाग झाले, तीन झाले. गावाला आग लागली तेव्हा बाबांनी मांडीवर अशी थाप दिली की कपातला चहा बशीत आला. समेवर आल्यावर देतात तशी थाप. मला इतका आनंद झाला की मी चहा पुसायचंच विसरले. आता त्यांच्याशी बोलता येत होतं. आवडलं की मांडीवर थाप, नाही आवडलं की दोन बोटांनी पलंगाच्या कडेवर टकटक.

ज्वालामुखीवाला त्यांना फारच आवडला. मी म्हटलं, “बाबा, याच्यात आहे काय एवढं?” त्यांनी छातीवर मूठ ठेवली आणि हात वर नेला. दम. मग तोच हात गळ्याशी आला आणि तिथेच थांबला, आणि मी गडबडीने पुढचा भाग लावला.

भिंतवाली लावली तेव्हा पहिल्या भागाला टकटक, दुसऱ्या भागाला घोरणं. मी पण हट्टी. रोज एक भाग लावायचेच. हळूहळू घोरणं थांबलं. मुलगी भिंतीमागे लपली की बाबा टकटक करायचे, पण आता त्या टकटकीत राग होता, जसा मंडळातल्या एखाद्या पोराने सोपा ठेका चुकवल्यावर यायचा. म्हणजे ती आता त्यांची झाली होती.

आणि मग तो भाग आला. गाव जळतंय, माणसं पळतायत, आणि पुलाचा मधला तुकडा कोसळलेला. सगळे त्या मुलीकडे बघतात. बघणाऱ्याला वाटतं, आता हिची भिंत किल्ल्याएवढी होणार, इतके भाग तेवढ्यासाठीच तर गेले. ती तळहात टेकते. भिंत येते तेवढीच, दारापेक्षा थोडी उंच. मग ती भिंतीच्या मागे न जाता पुढे येते, खांदा लावते आणि भिंत ढकलून आडवी पाडते. पुलाच्या मधल्या खिंडारावर. आणि आयुष्यभर ज्या माणसांपासून ती लपली ती सगळी त्या भिंतीवरून पाय देऊन पलीकडे जातात.

मी हा भाग अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी रडते, त्याबद्दल मला काही वाटत नाही. बाबांकडे पाहिलं. थाप नाही, टकटक नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बोट उलटं फिरवलं. मागे घे. मी मागे घेतलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय गो, अडकला काय ता?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर स्टूल मधल्या खोलीत होतं आणि पेटी जमिनीवर. बाबा ओल्या फडक्याने एकेक पट्टी पुसत होते. मी त्यांच्यासमोर नाचायचीच बाकी होते, पण आईने डोळ्यांनी गप्प बसवलं.

मौन सुटलं. आवाज आला तो खरखरीत, पहिल्यापेक्षा बारीक. बाबा स्वयंपाकघराचं दार लावून बसायचे, तेही आई कुकर लावेल तेव्हा, शिट्ट्यांच्या आडोशाने. दाराबाहेरून मला फक्त एवढं कळायचं की ते खालून गातायत. मला सूर कळत नाहीत. पट्टी कुठली आणि तिचा पखवाजाशी काय संबंध, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माघी गणपतीला चारकोपच्या एका सेक्टरमध्ये दरवर्षी आमच्या मंडळाची बारी असते. समोर यंदा एक तरुण बुवा होता, ज्याच्या गळ्याची सगळीकडे चर्चा. पखवाजवाले काका घरी आले, पाणी प्यायले, बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, “बुवा, चारकोपाक येतलंस मां?”

“येतलंय,” बाबा म्हणाले.

एवढंच. काकांचे डोळे भरले. वर्षानुवर्षं पाठ असलेले अभंग, त्यांची तालीम कोण घेणार. ते पट्टी विचारणार नव्हते, मेले असते तरी. बाबाही आपणहून सांगणार नव्हते, कारण पांढरी चार सोडली हे तोंडाने म्हणायचं म्हणजे ती खरंच गेली. एकाने मान राखला, दुसऱ्याने उणं झाकलं, आणि दोघांच्या मध्ये तो पखवाज राहिला.

मी मैत्रिणीलाही घेऊन गेले. तिने डबलबारी कधी पाहिली नव्हती. दहाला स्पीकर बंद करावे लागतात म्हणून बारी संध्याकाळीच सुरू झाली. पहिली त्या तरुण बुवाची. काय गळा होता! मंडपाच्या टोकाला भजी तळणारा हातातला झारा तसाच धरून ऐकत होता. गजराला तो वर गेला आणि आणखी वर गेला, आणि आता उतरेल असं वाटलं तेव्हा आणखी एक पायरी चढला. माणसं उभी राहिली. मैत्रीण माझ्या कानात ओरडली, “हा तुझ्या बाबांचा फायनल बॉस!” मला हसायला आलं.

मग बाबा. पांढरा झब्बा, कपाळाला बुक्का. त्यांनी पेटीचा भाता हलवला आणि सूर धरला. काळी एक. हे नाव मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की काकांनी पखवाजावर पहिली थाप मारली आणि ती कानाला टोचली. पखवाज पांढरी चारला, पेटी खूप खाली. काका थांबले. पुन्हा हलकेच एक बोट मारून पाहिलं. मग ते बाबांकडे झुकले आणि हळू आवाजात बोलले, पण माईक दोघांच्या मध्ये होता.

“बुवा, पट्टी खंयची धरलंस? मी पांढरी चार लावलंय.”

सगळ्या मंडपाने ऐकलं. समोरच्या मंडळात कोणीतरी हसलं. माझ्या शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, “वाट लागली यांची.” काका बाबांना हाताने खुणावत होते, चढव, वर चढव, जमतला. पखवाज एवढा उतरवायचा तर वेळ लागतो, वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गट्ठे एकेक करून सरकवावे लागतात, आणि बुवाने मंडपाला तेवढा वेळ बसवून ठेवायचं म्हणजे बारी सुरू होण्याआधीच हरायचं. त्यापेक्षा जुन्या पट्टीत जायचं, दोन ओळी तरी ओढायच्या, मग गळा फाटला तर फाटला. त्यांच्या जागी कुठलाही बुवा असता तर हेच केलं असतं. वर्षभरापूर्वीच्या बाबांनीही. त्यांनी वर चढायचा प्रयत्न केला असता तर पेटी पुन्हा माळ्यावर गेली असती, कायमची, हे मला तिथे बसल्या बसल्या माहीत होतं.

बाबांनी पखवाजावर हात ठेवला. मग माईक स्वतःकडे ओढला.

“मंडळी, माझी पट्टी आता काळी एक. वरचा गेला. माझ्या माणसाक मी ह्या सांगूक नाय, चूक माझी. तो सावकाश उतरवांदे. तवसर मी गातंय.”

आणि गायला लागले. पखवाज नाही. एका पोराला त्यांनी खूण केली, त्याने एकच झांज, तीही कडेला धरून, हळू. देवाच्या रूपाचा अभंग होता, लहानपणापासून ऐकलेला, मला झोपेत म्हणता येईल असा. पण मी तो कधी ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं बाबा देवाला लांबून हाका मारत होते. आज देव शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखे गात होते. आवाज खरखरीत होता, मध्ये एका जागी चिरकलाही, आणि त्यांनी ती जागा पुन्हा घेतली, न लाजता. मंडपातलं बोलणं थांबलं. भजीवाल्याने गॅस बारीक केला, कारण तेलाचा आवाज येत होता.

काका मान खाली घालून हातोडीने गट्ठे सरकवत होते. ठक. ठक. आधी तो आवाज मध्ये येत होता. मग माझ्या लक्षात आलं की ठक झांजेबरोबर पडतोय. काका ठेक्यात ठोकत होते! हातोडीने ताल धरला होता त्या माणसाने. लोकांनाही कळलं, माना डोलायला लागल्या, आणि एका समेवर हातोडी खाली गेली आणि तळवा पखवाजावर पडला. सुरात. धुम्मकन. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या तोंडून “आहा” निघालं. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येतोय.

पण गजर राहिला होता. गजराला वर जावंच लागतं, त्याशिवाय तो गजर नाही. बाबा खालच्या ओळी फिरवत राहिले, लय वाढवत राहिले, झांजा सगळ्या सुरू झाल्या, पखवाज पेटला, आणि जिथे ते पांढरी चारला कापडं हलवायचे ती ओळ आली. बाबा गप्प झाले. त्यांनी पेटीवरचा एक हात उचलला, उघडा तळवा लोकांसमोर धरला, आणि ओळ सोडून दिली.

मंडपाने ती उचलली. बायकांनी आधी, मग मागच्या पोरांनी, मग सगळ्यांनी. समोरच्या मंडळातले कोरसवालेही गात होते, तो तरुण बुवा डोळे मिटून झांज वाजवत होता. मी खुर्चीवर उभी होते. कधी चढले माहीत नाही. बाबा खालून सूर देत होते आणि अख्खा सेक्टर त्यांच्यावरून वर जात होता.

मैत्रिणीने माझं कोपर घट्ट धरलं. भिंतवालीला कायम नावं ठेवणारी ही मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “अगं, आडवी केली की त्यांनी.”

बारीला निकाल नसतो. जाताना निम्मे लोक त्या तरुण बुवाच्या शेवटच्या चढाचीच चर्चा करत होते, आणि बरोबरच होतं, तो चढ तसा होताच. मला त्याचं काही वाटलं नाही. टेम्पोत काका बाबांना शिव्या देत होते, मालवणीत, चारकोपपासून हायवे लागेपर्यंत, आणि बाबा हसत होते.

सकाळी बाबांचा आवाज बसलेला होता. चहा पिऊन त्यांनी पेटी पुसली, चादर गुंडाळली आणि नजर वर गेली. सवय असेल किंवा थकवा असेल. आवाज बसल्यावर मनात काय काय येतं ते ज्याचं त्यालाच माहीत. ते स्टूल ओढायला लागले तशी मी दारातच थिजले.

“थंय जागा नाय,” आई कणीक मळता मळता म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. मखर आणि पातेल्याच्या मधल्या रिकाम्या जागेत पाहुण्यांच्या गाद्या ठासून भरल्या होत्या, वर जुना टेबलफॅन, दोरीने बांधून पक्का केलेला.

“ह्या कधी केलंस?” बाबांनी खरखरत विचारलं.

“काल सकाळी,” आई म्हणाली. “तुमी झब्ब्याक इस्त्री करी होतास तेवा.”